बिस्किटांचा डबा, आजीची गिनी आणि मुलीचे आठ हजार पौंड

वाचकाचं पत्र (थोडक्यात): आम्ही लेस्टरला राहतो. शेजारचे इंग्रज आजोबा वृद्धाश्रमात राहायला गेले, तेव्हा जाताना मला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा देऊन गेले. त्यात शे-दीडशे जुनी ब्रिटिश नाणी आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या काळ्या पडलेल्या पेन्या, चांदीचे वाटणारे हाफ क्राउन, १७९७ सालचं एक जाडजूड तांब्याचं नाणं, चर्चिलचा चेहरा असलेली दोन मोठी नाणी. बायको म्हणते, चिंचेने घासून लख्ख करू या. कोल्हापूरला आईकडे आजीची एक गिनी आहे, १९१८ ची, कडी लावलेली. पुढच्या खेपेला ती इकडे आणायचं मनात आहे. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिच्या शिक्षणासाठी आठ हजार पौंड बाजूला काढलेत. परवा एका कंपनीच्या माणसाचा फोन आला. प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेली ग्रेडेड नाणी घ्या, दरवर्षी किंमत वाढते आणि करही लागत नाही, असं तो सांगत होता. डब्यातली नाणी ग्रेडिंगला पाठवू का? आठ हजार यात घालू का? आणि संग्रह करायचाच तर सुरुवात कुठून करू?

उत्तर:

चिंच बाजूला ठेवा. लिंबू-मीठ, पितांबरी, रांगोळी, टूथपेस्ट, यातलं काहीही त्या डब्याजवळ येऊ देऊ नका. तुमच्या बाकीच्या प्रश्नांना वेळ आहे, याला नाही, म्हणून हे आधी.

तुमच्या पत्नीच्या मनात तसं येणं अगदी साहजिक आहे. पण तांब्याचा गडू दर सणाला घासला तरी गडूच राहतो. नाण्याचं सगळं मोल त्याच्या वरच्या पातळ थरात असतं. टांकसाळीत ठसा बसतो तेव्हा दाबाखाली धातू कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा उमटतात. कोरं नाणं दिव्याखाली तिरकं धरून हळू फिरवलं की प्रकाशाचा एक पट्टा त्यावरून गोल फिरताना दिसतो, तो या रेषांमुळे. संग्राहक त्याला लस्टर म्हणतात. नाणं घासलं की त्या रेषा जातात आणि त्या परत आणण्याचा उपाय जगात कुणाकडे नाही. घासलेलं नाणं चकाकतं खरं, पण ती चकाकी सगळीकडे सारखी आणि मेलेली असते. अनुभवी माणूस ते हातभर अंतरावरून ओळखतो आणि किंमत तिथल्या तिथे निम्म्याहून खाली आणतो.

ब्रिटिश नाण्यांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. काही वेळा तो काळेपणा टांकसाळीनेच दिलेला असतो. १८९७ पासून पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत फार्दिंग, म्हणजे पाव पेनीचं नाणं, मुद्दाम काळपट करूनच बाहेर काढत. कारण नवं कोरं, झळझळीत ब्राँझचं फार्दिंग अर्ध्या सॉव्हरिन या सोन्याच्या नाण्यासारखं दिसायचं आणि कमी उजेडात ते कुणाच्याही हातावर टिकवता यायचं. १९४४ ते १९४६ च्या पेन्याही टांकसाळीतच गडद केलेल्या आहेत. अशी नाणी तुम्ही चिंचेने लख्ख केलीत तर मळ निघणार नाही, टांकसाळीने दिलेलं मूळ रूपच निघून जाईल.

चिकट घाण असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा आणि न पुसता, न चोळता टिपून वाळवा. हिरवी, पिठूळ बुरशीसारखी कीड दिसली तर ते नाणं वेगळं ठेवा आणि जाणकाराला दाखवा. नाणं नेहमी कडेला धरून उचला, बोट चेहऱ्यावर लागता कामा नये. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नका, त्यातून निघणारं रसायन तांबं-चांदी खातं. कागदी पाकिटं किंवा कडक प्लास्टिकच्या गोल डब्या बऱ्या. इंग्लंडच्या दमट हवेत सिलिका जेलची एखादी पुडी जवळ असावी.

आता डबा उघडा. एक दशांश-शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणि दहा पट दाखवणारं भिंग, एवढं पुरे.

आधी चांदी वेगळी काढू या, कारण ती फक्त सालावरून निघते. १९१९ पर्यंतचे हाफ क्राउन, फ्लोरिन, शिलिंग, सहा पेन्स ९२.५ टक्के चांदीचे. पहिल्या महायुद्धानंतर चांदी इतकी महागली की नाण्यातल्या धातूची किंमत नाण्याच्या किमतीच्या वर जाऊ लागली, म्हणून १९२० पासून चांदी ५० टक्क्यांवर आणली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची होती, म्हणून १९४७ पासून चांदी पूर्ण बंद झाली आणि तांबं-निकेल आलं. हाफ क्राउनचं वजन तिन्ही काळात १४.१४ ग्रॅमच. म्हणजे १९१० च्या हाफ क्राउनमध्ये साधारण १३ ग्रॅम चांदी, १९३५ च्यात ७ ग्रॅम आणि १९५० च्यात शून्य. नुसतं बघून फरक कळेलच असं नाही. तीन ढीग करा. झिजलेले १९२० ते १९४६ चे बहुतेक तुकडे म्हणजे निव्वळ चांदी, त्यांच्यावर रात्री जागवू नका. एडवर्ड सातव्याचा १९०५ चा हाफ क्राउन निघाला तर मात्र थांबा. तो खरोखर दुर्मिळ आहे आणि म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर आहेत.

पेन्यांचा ढीग सगळ्यात मोठा असेल आणि माझ्या मते सगळ्यात मजेचाही तोच. १८६० मध्ये तांब्याच्या जागी पातळ ब्राँझ आलं आणि केसांचा अंबाडा घातलेली तरुण व्हिक्टोरिया पेनीवर आली. ही ‘बन पेनी’ १८९४ पर्यंत चालली. हा ठसा लिओनार्ड चार्ल्स वायन यांचा. साल वाचा आणि सालाखाली किंवा सालाशेजारी एखादं बारीक अक्षर आहे का ते भिंगातून पाहा. ‘एच’ असेल तर ती बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची. १८६९ आणि १८७१ ही सालं, तसंच १८७५ ची एच असलेली पेनी कमी सापडते. पाचव्या जॉर्जच्या १९१८ आणि १९१९ च्या पेन्यांवर सालाच्या डावीकडे ‘एच’ किंवा ‘केएन’ (किंग्ज नॉर्टन, तीही बर्मिंगहॅमचीच) आहे का पाहा. केएन चांगल्या अवस्थेत मिळणं कठीण. १९५१ ची पेनी अवघी १ लाख २० हजार पाडली होती. उलट १९६७ सालाच्या पेन्या पासष्ट कोटींच्या वर आहेत, त्या मुलीला खेळायला द्या.

१९३३ ची पेनी तुमच्या डब्यात नाही, हे मी न बघता सांगतो. त्या वर्षी आधीचाच साठा पुरेसा होता म्हणून चलनासाठी पेन्या पाडल्याच नाहीत, फक्त मोजक्या तयार केल्या. आज त्यांतल्या साधारण सात माहीत आहेत. काही इमारतींच्या पायाभरणीत पुरल्या होत्या. लीड्सजवळच्या मिडलटनमधल्या सेंट क्रॉस चर्चच्या पायातली पेनी १९७० मध्ये कुणीतरी उकरून चोरून नेली. दुसऱ्या सालाचा आकडा कोरून बदललेल्या ‘१९३३’ पेन्या मात्र बाजारात फिरतात, हे ध्यानात असू द्या.

तुमचं १७९७ चं जाडजूड नाणं काट्यावर ठेवा. २८ ग्रॅमच्या आसपास भरलं तर पेनी, ५६-५७ भरलं तर दोन पेन्स. मॅथ्यू बोल्टन यांनी बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रांवर ही नाणी पाडली. पेनीचं वजन बरोबर एक औंस, दोन पेन्सचं दोन औंस. रुंद, उचललेली कड आणि तिच्यात आत कोरलेली अक्षरं, यामुळे लोक त्याला ‘कार्टव्हील’, गाडीचं चाक, म्हणू लागले. वजन इतकं नेमकं की दुकानदार ती मापं म्हणून तागडीत टाकायचे. त्यामुळेच बहुतेकांच्या कडांना ठोके बसलेले दिसतात. पेनी दुर्मिळ नाही, पण कडा शाबूत आणि मागच्या ब्रिटानियाची, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या बसलेल्या स्त्रीची, वस्त्रं स्पष्ट असतील तर हे तुमच्या डब्यातलं सगळ्यात चांगलं नाणं ठरू शकतं. मला स्वतःला ते फार आवडतं. औद्योगिक क्रांती तळहातावर घेऊन बघायची असेल तर याहून स्वस्त मार्ग नाही.

चर्चिलची ती दोन मोठी नाणी म्हणजे १९६५ चे क्राउन. असे जवळजवळ दोन कोटी पाडले गेले आणि लोकांनी आठवण म्हणून तेव्हापासून जपूनच ठेवले, त्यामुळे ते महागतील अशी आशा धरू नका. चार्ल्स-डायनाच्या लग्नाचे १९८१ चे क्राउन कुणी देऊ केले तर त्यांचीही तीच गत आहे.

एक विनंती. त्या आजोबांना भेटायला जाल तेव्हा डबा बरोबर न्या. यातलं कोणतं नाणं कुठून आलं, कुणाच्या खिशात होतं, हे त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. नाण्याची पूर्वपीठिका माहीत असेल तर विकताना तिचा उपयोग होतो, हे खरं. पण एकट्या पडलेल्या माणसाला आपल्याच डब्याबद्दल कुणी विचारलेलं किती बरं वाटेल, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

आता ग्रेडिंग, म्हणजे नाण्याची अवस्था ठरवणं. इथे तुम्ही सावकाश वाचा, कारण या छंदात पैसे बुडतात ते बहुतेक इथेच.

ब्रिटिश पद्धतीत नाण्याची अवस्था शब्दांत सांगतात. फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रिमली फाइन, अनसर्क्युलेटेड, आणि सगळ्यात वर एफडीसी, म्हणजे निर्दोष, हा शब्द आज मुख्यतः प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास काळजीने पाडलेल्या, नाण्यांसाठी वापरतात. नाव ‘फाइन’ असलं तरी फाइन नाणं चांगलंच झिजलेलं असतं. नवखा माणूस पहिल्यांदा फसतो तो इथे. फाइनमध्ये अक्षरं आणि आकृती स्पष्ट असतात, पण उंचवट्यांवरचं काम गेलेलं असतं. व्हेरी फाइनमध्ये केसांच्या बटा वेगवेगळ्या मोजता येतात. एक्स्ट्रिमली फाइनमध्ये अगदी टोकाच्या उंचवट्यांवर भिंगाखालीच झीज दिसते आणि कोपऱ्याकोपऱ्यांत मूळ लस्टर शिल्लक असतं. अनसर्क्युलेटेड म्हणजे चलनात न फिरलेलं. त्यावर पोत्यात एकमेकांवर आपटून बारीक खुणा पडलेल्या चालतात, झीज चालत नाही. या पायऱ्यांमधलं अंतर शब्दांत थोडं आणि पैशांत फार मोठं. एकाच सालची साधी पेनी फाइनमध्ये चिल्लर भावात मिळेल आणि पूर्ण लस्टरसकट कोरी असेल तर तिच्यासाठी कितीतरी पट मोजावे लागतील.

झीज कुठे शोधायची हे प्रत्येक ठशासाठी वेगळं असतं. तरुण व्हिक्टोरियावर कानावरून मागे गेलेले केस पाहा. पाचव्या जॉर्जवर भुवई आणि मिशी. पेनीच्या मागे बसलेल्या ब्रिटानियाचं शिरस्त्राण आणि छाती. सॉव्हरिनवर सेंट जॉर्जचं शिरस्त्राण आणि घोड्याचं अंग. दिवा एका बाजूला ठेवा, नाणं तिरकं करा, आणि या जागी धातूचा रंग बदललाय का ते बघा. घासलेल्या उंचवट्याचा रंग आजूबाजूपेक्षा निराळा, मंद दिसतो.

पण सपाट दिसणारी प्रत्येक जागा झिजलेलीच असते असं नाही. पाचव्या जॉर्जच्या सुरुवातीच्या पेन्या हातात घ्या. मागच्या बाजूला ब्रिटानियाच्या भोवती राजाच्या डोक्याची पुसट सावली दिसेल. राजाचा चेहरा इतका उठावदार कोरला होता की ठसा मारताना धातू तिकडेच ओढला जायचा आणि मागची बाजू नीट भरायची नाही. शेवटी विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात टांकसाळीला चेहऱ्याचा ठसा बदलावा लागला. १९२६ ची बदललेल्या चेहऱ्याची पेनी म्हणूनच आज दुर्मिळ गणली जाते. म्हणजे ब्रिटानियाचा चेहरा सपाट असूनही ती पेनी चलनात एक दिवसही फिरली नसेल, असं होऊ शकतं. झीज आणि कच्चा ठसा यांतला फरक पुस्तकातून कळत नाही, शंभर नाणी हाताखालून गेल्यावर कळतो. तुमच्याकडे ती शंभर नाणी आयती आहेत. एकेका राजाच्या पेन्या झिजलेल्यापासून चांगलीपर्यंत ओळीने मांडा, मुलीलाही मांडायला लावा. हा अभ्यास फुकट आहे.

त्या फोनवाल्याच्या सीलबंद डब्या म्हणजे ‘स्लॅब’. अमेरिकेत १९८० च्या दशकात पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या निघाल्या. त्या नाणं तपासून १ ते ७० अशा शेल्डन मापावर आकडा देतात आणि नाणं सील करतात. ६० पासून पुढे अनसर्क्युलेटेड. हे माप मुळात १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी तयार झालं होतं, नंतर ते सगळ्या नाण्यांना लागू केलं गेलं. जुने इंग्रज व्यापारी जास्त कडक असतात. त्यांचं एक्स्ट्रिमली फाइन बहुधा अमेरिकन मापात पन्नाशीच्या वरच्या आकड्यांत बसतं. नाणं घासलेलं असेल तर या कंपन्या आकडा न देता ‘डिटेल्स’ असा शेरा मारतात आणि त्या शेऱ्याने भाव पडतो. स्लॅबचा खरा उपयोग दोनच ठिकाणी आहे. महाग नाण्याच्या अस्सलपणाची खात्री करून घ्यायला, आणि दूरच्या गिऱ्हाइकाला न दाखवता विकायला. शुल्क, टपाल आणि विमा धरला तर एका नाण्यामागे बरेच पौंड जातात. तुमच्या डब्यातली नाणी पाठवू नका. १७९७ चं नाणं खरंच लस्टरसकट निघालं तर आधी ब्रिटिश न्युमिस्मॅटिक ट्रेड असोसिएशनच्या, म्हणजे बीएनटीएच्या, एखाद्या सभासद व्यापाऱ्याला दाखवा. स्लॅबच्याही नकला येतात, म्हणून स्लॅब घेताना त्यावरचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून फोटो जुळतो का ते पाहायचंच.

आजीची गिनी. आपल्या घरांत जिला गिनी म्हणतात ती बहुतेक वेळा सॉव्हरिन असते, ७.९८ ग्रॅमची, २२ कॅरटची, आत ७.३२ ग्रॅम शुद्ध सोनं. १९१८ चं साल ऐकून मला उत्सुकता वाटली. आईला फोनवर सांगा की घोडेस्वाराच्या पायाखाली जी जमिनीची रेघ आहे, तिच्यावर, सालाच्या आकड्यांच्या वर मधोमध भिंगाने पाहा. तिथे बारीक ‘आय’ अक्षर असेल तर ती आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडलेली आहे. लंडनच्या रॉयल मिंटने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला फोर्टातल्या टांकसाळीत शाखा उघडली होती आणि तिथे जवळपास १३ लाख सॉव्हरिन निघाली, सगळ्यांवर साल १९१८. त्यानंतर तिथे ब्रिटिश सॉव्हरिन पुन्हा पाडली गेली नाहीत. ‘एस’ निघालं तर सिडनी, ‘एम’ मेलबर्न, ‘पी’ पर्थ, ‘सी’ कॅनडातलं ओटावा.

मुंबईची असली तरी कडी जोडलेली सॉव्हरिन संग्राहकाच्या भावाने जात नाही. कडी काढली तरी कडेवर जोडकामाची खूण राहते. तिचा भाव सोन्याचा. कडी काढूही नका. ती तशीच आजीची आहे.

आणि ती इकडे आणू नका. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ च्या गिनीला शंभर वर्षं कधीच होऊन गेली. ‘एकच तर आहे, पर्समध्ये कुणाला दिसतंय’ असं नातेवाईक म्हणतील, पण विमानतळावर अडकलं तर आजीची आठवण सरकारजमा होईल. ती कोल्हापूरला आईकडेच राहू दे. मुलगी सुट्टीत जाईल तेव्हा बघेल.

आता ते आठ हजार. माझं उत्तर सरळ आहे. घालू नका.

फोनवरच्या माणसाने एका खऱ्या गोष्टीला खोटी गोष्ट चिकटवली. १८३७ पासूनच्या सॉव्हरिन ब्रिटनमध्ये अजूनही कायदेशीर चलन आहेत, म्हणून त्या विकून झालेल्या नफ्यावर कॅपिटल गेन्स टॅक्स लागत नाही. हे खरं. पण ही सवलत पौंडांत चालणाऱ्या नाण्यांना आहे, कुठल्याही देशाच्या ग्रेडेड नाण्याला नाही. चलनातून बाद झालेली जुनी नाणी वेगळ्या नियमात येतात. त्यात एक वस्तू सहा हजार पौंडांच्या आत विकली तर बहुधा कर नसतो, पण संच तुकड्यातुकड्याने एकाच माणसाला विकला तर तो एकच धरतात. आणि नफाच झाला नाही तर करमाफीचा उपयोग काय? नाणी विकणाऱ्यांवर एफसीएची, म्हणजे ब्रिटनच्या आर्थिक नियामक संस्थेची, देखरेख नाही. कंपनी बुडाली तर बँक-ठेवीसारखी भरपाई मिळत नाही.

‘दरवर्षी वाढते’ हे तर साफ खोटं. जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला सुमारे ८५० डॉलरपर्यंत चढलं होतं. १९९९ मध्ये ते अडीचशेच्या आसपास आलं. त्या शिखरावर घेणाऱ्याला तोच आकडा पुन्हा बघायला २००८ उजाडलं, आणि मधल्या काळातली महागाई वेगळीच. नऊ वर्षांनी तुमची मुलगी अठराची होईल तेव्हा भाव कुठे असेल, हे तो फोनवाला सांगू शकत नाही, मीही नाही.

संग्रहाच्या नाण्यांत तर खरेदी आणि विक्रीच्या भावातलं अंतरच मोठं असतं. समजा लिलावात हातोडा १०० पौंडांवर पडला. लिलावघराला वर द्यायचं खरेदीदाराचं प्रीमियम २० टक्के आणि त्यावर व्हॅट धरला तर तुम्ही १२४ मोजले. उद्या तेच नाणं विकताना १५ टक्के कमिशन गेलं, तर तुमचे १२४ परत मिळायला हातोडा १४६ वर पडावा लागेल. म्हणजे भाव जवळजवळ निम्म्याने वाढेपर्यंत तुम्ही तोट्यातच. आठव्या एडवर्डची कधीच चलनात न आलेली १९३७ ची सॉव्हरिन २०२० मध्ये दहा लाख पौंडांना गेली, ही बातमी तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. पण जगात अशी नाणी बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

मुलीसाठी ज्युनिअर आयएसए हे मुलांचं बचत खातं उघडा. वर्षाला ९ हजार पौंडांपर्यंत त्यात टाकता येतात, वाढीवर कर नाही, आणि अठरा पूर्ण होईपर्यंत कुणी काढू शकत नाही. आठ हजार त्यात मावतात. घरात थोडं सोनं असावं असं मनापासून वाटत असेल तर, आणि मराठी घरात ते वाटतंच, वेगळ्या पैशांतून एखाददुसरी साधी सॉव्हरिन घ्या. ती घेताना साल, राणी, राजा, काहीही बघू नका. सोन्याच्या दिवसाच्या भावावर व्यापारी किती जास्त मागतो आणि परत घेताना किती कमी देईल, एवढंच विचारा. वजन करा, व्यास २२.०५ मिलिमीटर भरतो का ते मोजा. बनावट सॉव्हरिनमध्येही कधी कधी पूर्ण सोनं असतं, विशेषतः गेल्या शतकाच्या मध्याला लेबनॉनकडून आलेल्यांत, म्हणून घ्यायची ती ओळखीच्या व्यापाऱ्याकडूनच. हे सोनं झालं. संग्रह वेगळा. दोन्हींचे पैसे आणि दोन्हींची वही वेगळी ठेवा. एकत्र केलंत की नाणं आवडलं म्हणून घेतलं की भाव वाढेल म्हणून, हे तुमचं तुम्हालाच कळेनासं होईल, आणि मग दोन्ही बिघडतं.

संग्रहासाठी महिन्याला जेवढे पैसे गेले तरी घरात कुणाला खटकणार नाही, तेवढेच ठरवा. पहिला खर्च नाण्यावर करू नका, स्पिंक या लंडनच्या नाणे-लिलाव कंपनीच्या चालू वर्षाच्या कॅटलॉगवर करा. त्यातले भाव व्यापाऱ्याने विकण्याचे असतात, तुम्हाला विकताना त्याहून कमी मिळतील, हे वाचतानाच धरून चाला. मग लेस्टरच्या आसपास एखादी नाणेसंग्राहकांची संस्था शोधा. बरीच मंडळी वयस्क असतात, दर महिन्याला जमतात, आणि नवीन माणूस आला की आपला खजिना उघडून दाखवण्यात त्यांना मनापासून आनंद असतो. वेल्सला गेलात तर लांट्रिसंटला रॉयल मिंटही बघा, १९६८ पासून तिथे नाणी पडतात.

पहिलं नाणं कोणतं घ्यावं, असं विचारलंत म्हणून सांगतो. १८८७ चं सहा पेन्सचं, मागे ढाल असलेलं. व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून ठसा बदलला आणि नव्या सहा पेन्सची मागची बाजू अर्ध्या सॉव्हरिनच्या फार जवळ गेली. आकारही जवळपास सारखा. लोकांनी त्यांना सोन्याचा मुलामा दिला आणि दहा शिलिंगची अर्धी सॉव्हरिन म्हणून खपवायला सुरुवात केली. टांकसाळीने त्याच वर्षी ढालीचा ठसा मागे घेतला आणि ‘सिक्स पेन्स’ असं शब्दांत लिहिलेला पानांच्या माळेचा ठसा आणला. ढालवालं नाणं लोकांनी गंमत म्हणून जपून ठेवलं, त्यामुळे एक्स्ट्रिमली फाइन किंवा त्याहून वरच्या अवस्थेतही ते परवडणाऱ्या भावात मिळतं. घाई करू नका, दोन-चार विक्रेत्यांकडची बघा. राणीच्या छोट्या मुकुटाखालचे केस आणि पदराच्या कडा तपासा, आणि सोन्याच्या मुलाम्याचा पिवळसर अंश कडेला शिल्लक असेल तर तेवढं एक सोडून द्या. मुलामा दिलेलं घ्यायचं असेल तर ते वेगळं, मुद्दाम, स्वस्तात घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा.